डिस्कला मराठी येत नाही

चित्रा,

तेराव्याचे पाहुणे गेले, मोठी भांडी माळ्यावर गेली, तुझा दादा पुन्हा कामावर जायला लागला, आणि दुपारी आईंनी मला हाक मारून विचारलं, "ती बाई पुढं काय म्हणाली गं?"

कोण बाई ते मला विचारावं लागलं नाही. तुझ्या शेवटच्या सिनेमातली ती विधवा, बेटावर खानावळ चालवणारी. दीर गिऱ्हाईक घेऊन खानावळ विकायला आलाय, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आणि तिनं तोंड उघडायच्या आतच सिनेमाखाली तू लिहिलेली मराठी अक्षरं संपतात. उरलेलं पुढच्या शनिवारी आणते म्हणालीस, आणि शनिवार यायच्या आत ऑफिसातल्या खुर्चीत बसल्याबसल्या गेलीस. तेव्हापासून ती बाई दारात उभी आहे आणि आई रोज तिची चौकशी करतात.

इंग्रजीत ती काय म्हणते ते मला माहीत आहे. मी ओरडून सांगितलंही. आईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "तसं नव्हे गं. चित्रीच्या सिनेमात काय म्हणाली?"

खरं सांगू? मला रडू नाही आलं, राग आला. गेल्यावरसुद्धा या घरात तुझंच राज्य. जळते मी तुझ्यावर, चित्रा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट कुठं बोलतेय? जळते, एवढंच सांगतेय. तू होतीस तेव्हा सांगता आलं नाही, कारण तू लगेच गळ्यात पडून "वहिनी, किती गोड आहेस गं तू" म्हणाली असतीस आणि माझा सगळा राग फुकट गेला असता.

ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर राहणं काय असतं ते तुला शनिवारपुरतंच माहीत होतं. आईंच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून त्या ते काढून डबीत ठेवतात. मग माझं सुरू. आई, गोळी घेतली का? आई, गॅस मी बंद केलाय! आई, पंखा लावू? पलीकडच्या घोषालकाकूंना आईंच्या गोळ्यांच्या वेळा पाठ झाल्यात. ओरडून गोळी देता येते गं, ओरडून कुणाला हसवता येत नाही. एखादी गंमत सांगायला जावं, ती दोनदा ओरडावी लागली की तिच्यात काही राहत नाही, उलट भांडण चाललंय असं वाटतं. त्यामुळे आईंच्या लेखी मी म्हणजे गोळ्या, पंखा आणि गॅस. आणि तू? तुला घसा ताणावाच लागला नाही. पडद्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत तू लिहून आणायचीस आणि आई एकट्याच खुदुखुदु हसायच्या. मी आतून पोळ्या लाटताना ऐकायची ते हसू.

आणि मजा म्हणजे या घरात सिनेमा आणला मी. विसरू नकोस. मामंजी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत बदलून आले आणि इथलेच झाले, तुम्ही दोघं भावंडं हावड्यात वाढलात, तुम्हाला या शहरात काही परकं नव्हतं. मी सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा बाजारात भेंडीचा भावसुद्धा मला हिंदीत विचारावा लागायचा. बोलायला कोण? म्हणून सिनेमे. सकाळच्या शाळेत शिकवायला लागले, त्या पगारातून आधी टीव्ही घेतला, मग ब्लू-रेचा प्लेअर, मग एकेक डिस्क. इथल्या चांदनी चौकातला तो दुकानदार माझ्यासाठी नव्या डिस्क बाजूला काढून ठेवायचा. घरी आणल्यावर वरचा प्लॅस्टिकचा कागद मी नखानं सोलायची, कधी कात्री लावली नाही. तुझा दादा म्हणायचा, हिला दागिन्यांच्या दुकानात नेलं तर जांभया देते आणि इथं बघा.

माझं म्हणणं साधं होतं. डिस्क म्हणजे वस्तू. हातात धरता येते, पुसता येते, कुणाला देता येते आणि त्यानं परत नाही आणली तर त्याच्या दारात जाऊन मागता येते. चित्र असं स्वच्छ की त्यातला अंधारसुद्धा काळाभोर दिसतो, तुझ्या डाउनलोड केलेल्या फायलीतल्यासारखा राखाडी, चौकटी चौकटी पडलेला नाही. तू हसायचीस. "वहिनी, हे सगळं उठून जाईल बघ. काही वर्षांनी या डिस्क तू चहाच्या कपाखाली ठेवशील." मी म्हणायची, उठून कुठं जाईल, डिस्कला पाय आहेत का? मराठीत बंद पडेल म्हणतात. तुझं मराठी असलंच. तोंडात मराठी आणि डोक्यात बंगाली. चहा खाल्ला, सिगरेट खाल्ली, दुकान उठून गेलं. मी सुधारायला गेले की आई तुझीच बाजू घ्यायच्या. "राहू दे गं, कळतंय ना." माझ्या तोंडून एक चुकीचा शब्द गेला असता तर माहेराचा उद्धार झाला असता.

चांदनी चौकातलं ते दुकान बंद झालं तेव्हा तू मला फोन करून सांगितलंस. किती आनंदानं! आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. त्या दिवशी मी तुला "वन्सं" म्हणाले. म्हणजे राग खराच होता. "वन्सं, तुम्ही तुमचं बघा." तू पलीकडून म्हणालीस, "बाप रे, अहो-जाहो! आज काही खरं नाही." आणि शनिवारी डमडमहून मेट्रोनं नदीखालून आलीस ती संदेशाचा डबा घेऊन. नव्या गुळाचे. मला आवडतात हे तुला माहीत होतं. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण एका गोष्टीवर तू मला गप्प केलंस. आईंना ऐकू येणं कमी व्हायला लागलं तेव्हा मी माझं कपाट उघडून मोठ्या ऐटीत म्हणाले, यातल्या प्रत्येकीत खाली अक्षरं येतात, आईंना वाचता येईल. आपण तिघींनी एकेक डिस्क लावून बघितली. डॅनिश होतं, फिनिश होतं, नावं माहीत नाहीत अशा भाषा होत्या. इंग्रजी अक्षरं इतकी भराभर जायची की आई अर्ध्यावर सोडून द्यायच्या. तू रिमोट खाली ठेवलास आणि हळूच म्हणालीस, "वहिनी, तुझ्या डिस्कला मराठी येत नाही."

आणि ते खरंच होतं गं. डिस्क बनवणाऱ्यानं ती एकदा बंद केली की बंद. त्यात कुणाला एक ओळसुद्धा घालता येत नाही. तुझी फाईल मात्र मोकळी. शेजारी आपली अक्षरांची फाईल ठेवली की दोन्ही बरोबर चालतात. तू पैसे मोजून सिनेमे डाउनलोड करायचीस (हे आधीच सांगते, नाहीतर इथल्या मराठी मंडळात कुजबुज व्हायची) आणि डमडमच्या फ्लॅटमध्ये बसून इंग्रजीवरून मराठी लिहायचीस. आईंसाठी. आठवड्याला एक नाही जमायचा, पण अर्धा तरी आणायचीसच. अर्धा आणलास तरी आई आठवडाभर त्याच धुंदीत.

लिहायचीस तरी काय! मी वाचून कपाळाला हात लावायची. एक जाडा मंत्री गाडीतून उतरतो, तर खाली अक्षरं, "मंडळाचे अध्यक्ष आले, आता भाषण होणार." एक चिकट म्हातारा नाणी मोजतो, तर तो थेट तुमच्या नागपूरच्या काकांच्या तोंडचं बोलतो. आईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी. मी म्हणाले, हे भाषांतर आहे का गं? मूळ लिहिणाऱ्यानं बघितलं तर काय म्हणेल? तू शांतपणे चहा फुंकत म्हणालीस, "वहिनी, आई डेन्मार्कमध्ये कुणाला ओळखते?"

तो वाद संपला असं मी आजही मानत नाही.

एकदा तूच म्हणाली होतीस, "तू लिही ना एखादा. तुझं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं." मी म्हणाले, मला वेळ कुठाय? वेळ होता चित्रा, दुपारी आई झोपतात तेव्हा असतोच. मला भीती होती. मी लिहिलेलं आई वाचतील, शुद्ध मराठी, एक चूक नाही, आणि हसणारच नाहीत. मग काय तोंड दाखवायचं तुला?

तुझं एक मात्र मी पोटभर एन्जॉय केलं. तू जिथून सिनेमे घ्यायचीस त्या कंपनीनं दुकान गुंडाळलं आणि तू विकत घेतलेले, पण अजून उतरवून न घेतलेले सिनेमे तुझ्या यादीतून गेले. पैसे गेले, सिनेमेही गेले. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मी फक्त कपाटाशी जाऊन, तुझ्या गेलेल्यांतला एक सिनेमा माझ्याकडे होता, ती डिस्क काढून तुझ्या हातात ठेवली. कसं गार वाटलं म्हणून सांगू. तू ती घरी नेलीस, आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीस, त्याच्याखाली मराठी लिहिलंस आणि पुढच्या शनिवारी आई त्याच सिनेमाला लोटपोट हसल्या. म्हणजे चित्र माझं, डिस्क माझी, आणि हसू पुन्हा तुझ्या वाट्याला. माझं गार वाटणं तेवढ्यावरच संपलं.

आता तू गेल्यावर बघ काय झालं. तुझा फ्लॅट आवरायला आम्ही दोघं गेलो. साड्या, पुस्तकं, तुळशीची कुंडी, सगळं कुणाकुणाला दिलं. तुझे विकत घेतलेले सिनेमे मात्र हाताला लागेनात. नव्या कंपनीकडे तू इतके घेऊन ठेवले होतेस, दादानं त्यांना लिहिलं, मृत्यूचा दाखला पाठवला. त्यांचं नम्र उत्तर आलं की खातं ज्याचं त्याच्याबरोबर ते बंद होतं, वारसाला मिळत नाही. तुझा दादा तुझ्या रिकाम्या पलंगावर बसून तेच उत्तर परत परत वाचत राहिला. मी एरवी म्हणाले असते, बघ, मी सांगत होते ना. डिस्क असत्या तर आज पिशवीत घालून घरी नेल्या असत्या. कपाटात माझ्या डिस्कशेजारी लावल्या असत्या, तुझा खण वेगळा ठेवला असता. जिंकले होते मी, चित्रा. ऐकायला तू नव्हतीस. असलं जिंकणं काय चाटायचंय?

तू कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं तेवढं वाचलं. कॉम्प्युटरला जोडायची तळहाताएवढी काळी डबी. तिच्यात आईंचे बघून झालेले सिनेमे होते, तो खानावळीचा होता आणि त्याच्याशेजारी तुझी अर्धवट अक्षरं.

मी ठरवलं नव्हतं. एका दुपारी आईंनी पुन्हा विचारलं, "काय म्हणाली गं ती?" आणि विचारून भिंतीकडे तोंड करून पडल्या. तू गेल्यापासून त्या रडल्या, जेवल्या, देवाचं केलं, सगळं केलं, पण हसल्या नव्हत्या. त्यांना झोप लागल्यावर मी तुझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. म्हटलं बघू तरी काय असतं ते.

बाई गं. मला वाटायचं, इंग्रजी वाक्य घ्यायचं, मराठी करायचं, झालं. तुझी अक्षरं मी पहिल्यापासून वाचत गेले तेव्हा कळलं की तू निम्मं बोलणं लिहिलेलंच नाहीस. लोक बडबडतायत आणि खाली काहीच नाही. मला वाटलं आळस. मग तेच सिनेमाबरोबर लावून बघितलं. तू एक ओळ लिहायचीस आणि ती किती वेळ ठेवायचीस! आई वाचताना ओठ हलवतात ना, अगदी तेवढा वेळ. त्यांचे ओठ थांबले की मग एक रिकामी जागा, म्हणजे त्यांना वर बघायला मिळावं, त्या बाईचा चेहरा दिसावा. शनिवारी तू सिनेमा बघत नव्हतीस तर. तू आईंच्या तोंडाकडे बघत बसायचीस, आणि मला वाटायचं लेक कशी आईजवळ लाडात बसलीये. मी रोज त्यांना घास भरवेन इतकी जवळ असते, आणि त्यांचे ओठ वाचताना हलतात हे मला तुझ्या फायलीवरून समजलं. जळू नको तर काय करू?

किती दुपारी गेल्या कोण जाणे. आधी मी माझ्या पद्धतीनं लिहिलं, शाळेतल्या निबंधासारखं. वाचलं आणि पुसलं. माझं मलाच हसू येईना. मग तुझ्यासारखं लिहायला लागले. दिराच्या तोंडी नागपूरचे काका घातले. एका ठिकाणी गिऱ्हाइकाला मुद्दाम "चहा खाऊन जा" म्हटलं. सांगलीच्या माझ्या मराठीच्या बाईंनी बघितलं असतं तर पट्टी काढली असती. लांब वाक्यं कापली. मला आवडलेली कापली, ते फार जड गेलं.

त्या दाराशी उभ्या बाईचं मात्र अडलं. इंग्रजीत ती एवढंच म्हणते की घर घ्या, स्वयंपाकघर माझं आहे. तू काय लिहिलं असतंस? मी तुझ्या डोक्यात शिरायचा फार प्रयत्न केला. जमेना. तुला स्वयंपाकघराचं काय माहीत होतं? आयुष्यात कधी आमटीला फोडणी दिली नाहीस. जेवायला बसायचीस आणि "वहिनी, काय सुंदर झालीये!" म्हणून भुरके मारायचीस. मग मी तुला सोडलं आणि स्वतःपुरता विचार केला. या घरात मी आले तेव्हा भिंती मामंजींच्या होत्या, कपाटं आईंची होती, मुलगा आईंचा होता. माझं काय होतं? मी लिहिलं, "भिंती घ्या, छप्पर घ्या. पण आमटीत मीठ किती पडेल ते अजून माझ्या हातात आहे. जेवायलाच बसणार आहात ना?"

लिहिलं आणि अगदी तुझ्यासारखी रिकामी जागा ठेवली.

काल शनिवार होता. मी आईंना खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून दिला आणि सिनेमा लावला. त्यांनी विचारलंच, "पुढचा केला होता तिनं?" मी मान डोलावली. मग मी त्यांच्या बाजूला वेताच्या मोड्यावर बसले आणि पहिल्यांदा पडद्याकडे न बघता त्यांच्या ओठांकडे बघितलं. तुझी अक्षरं संपली, माझी सुरू झाली. त्यांना काही कळलं नाही. "चहा खाऊन जा"ला त्या गालात हसल्या. मग दारातल्या त्या बाईनं तोंड उघडलं. आईंचे ओठ हलले, आमटीत मीठ, थांबले, त्यांनी वर त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, आणि चित्रा, त्या हसल्या. अशा हसल्या की पदर तोंडाशी घ्यावा लागला. हसता हसता रडायला लागल्या आणि रडता रडता पुन्हा हसल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

इतक्या वर्षांत मी या माणसाला हसवलं नव्हतं. माझ्या ओळीनं हसल्या त्या. माझ्या. मी सांगायला तोंड उघडलं.

"बघितलंस?" आई म्हणाल्या. "कशी लिहायची माझी पोर! एवढीशी होती तेव्हापासून मी तिच्या पोटात काय आहे ते ओळखते. हे असलं तिलाच सुचणार. तुला नाही जमायचं हो, वाईट वाटून घेऊ नकोस."

माझं तोंड उघडंच होतं. आता काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"हो आई," मी ओरडले. "मला नाही जमायचं!"

घे. हेही घे. तू जिवंत असताना जे जे नेलंस त्यात मी कधी आपण होऊन काही टाकलं नव्हतं. हे मी स्वतःच्या हातानं देतेय, आणि देताना काही उदार बिदार वाटत नाहीये, नुसती जळतेय मी. एक ओळ होती गं माझी. एकच.

सिनेमा संपला. आई माझ्याकडे वळल्या. इतक्या जपून विचारलं त्यांनी, जसं काही मी नाही म्हटलं तर तू आजच पुन्हा जाणार होतीस.

"अजून आहेत का गं तिनं करून ठेवलेले?"

मी माझ्या डिस्कच्या कपाटाकडे बघितलं. एकीलाही मराठी येत नाही त्यातल्या.

"आहेत, आई," मी जितकं मोठ्यानं ओरडता येईल तितकं ओरडले. "पुष्कळ करून ठेवलेत तिनं."